भाचीच्या डोक्यावर ठेवलेला हात

आमच्या दारूबंदी मंडळाच्या पत्रकात एक वाक्य होतं. मीच लिहिलेलं. 'दारुडा स्वतःच्या हातानं स्वतःचं घर बुडवतो. त्याला कुणी पाजत नाही.' निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीला ही पत्रकं छापून घ्यायची, सदऱ्याच्या आत पोटाला बांधून हद्द ओलांडायची आणि भूमच्या, वाशीच्या बाजारात वाटायची, हे माझं काम. घामानं शाई ओली होऊन पोटावर उलटी अक्षरं उमटत. ती अक्षरं मी दोन दोन दिवस धुवत नसे, इतका मला त्यांचा अभिमान होता. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. कारण वाक्यातला तो हात कुणाचा, हे लिहिताना मला ठाऊक होतं. त्याच हातानं मला मोठं केलं होतं.

तो हात माझ्या दाजींचा, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. आई-वडील पटकीच्या साथीत गेले तेव्हा आक्का मला तिच्या सासरी घेऊन आली. दाजींनी एका खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकल्या, दुसऱ्या खांद्यावर मला बसवलं आणि भूमपासून वाशीपर्यंतचे बाजार केले. माझ्या शाळेसाठी त्यांनी काय काय केलं ते इथं सांगत बसत नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

आम्ही कासार. बांगड्या भरणं हे आमचं काम. वरून सोपं दिसतं. बाई मनगट पुढं करते. कासार तिचा पंजा हातात घेतो, अंगठ्याखालचं हाड दाबून दाबून सैल करतो, आणि काचेची बांगडी बोटांच्या पेरांवरून अशी सरकवतो की बाई बोलता बोलता ती मनगटात गेलेली असते. आमच्या मुलखात परका माणूस बाईचा हात धरतो तो एवढ्या एकाच कामासाठी. भरून झालं की बाई कासाराला नमस्कार करते. केस पिकलेली म्हातारीसुद्धा करते. भरताना बांगडी फुटली तर तिचा तोटा कासाराच्या अंगावर. फुटली असं म्हणायचंही नाही, वाढवली म्हणायचं. तेव्हा कासाराची सगळी पत त्याच्या हातात असते. बोलणं वाईट चालेल, रूप वाईट चालेल, हात थरथरून चालत नाही.

दाजींचा हात कापायला लागला होता.

बाजाराच्या वाटेवर ओढा आहे. ओढ्याकाठी शिंदीची झाडं, आणि झाडांपलीकडं शिंदीचं दुकान. झाडं सरकारची, लिलाव सरकारचा, दुकान लिलाव घेणाऱ्या गुत्तेदाराचं. बाजारहून येणाऱ्या माणसाला ते टाळून दुसरी वाट नव्हती. मी याच्यावर तडाखेबंद भाषणं करायचो. 'सरकार आपल्याला शिंदी पाजतं आणि त्याच पैशावर आपल्याला बडवायला शिपाई पोसतं!' लोक टाळ्या वाजवायचे. आता गंमत बघा. पत्रकाच्या वरच्या अर्ध्यात आम्ही लिहायचो की सरकार पाजतं, आणि खालच्या अर्ध्यात लिहायचो की कुणी पाजत नाही. एकाच कागदावर. आमच्या मंडळात वकील होते, मास्तर होते, पण एकालाही ते खटकलं नाही. सरकार आमच्या हाती लागत नव्हतं. पिणारा लागत होता.

दाजी का पितात हे मी कधी विचारलं नाही. आक्काचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते, त्यानंतर ते ओढ्याकडं थांबायला लागले, एवढं मला दिसलं होतं. दिसलं होतं म्हणजे काय, दिसलं आणि मी पुढं गेलो. पत्रकात त्याला जागा नव्हती.

एका बाजारी मी दगडावर उभा राहून बोलत होतो. ऐकणारे बऱ्यापैकी जमले होते. तेवढ्यात बांगड्यांच्या ओळीकडून किंकाळी आली. दाजींच्या हातून एका बाईच्या पंजात बांगडी वाढली होती आणि काच रुतून रक्त आलं होतं.

"आगं बया! हात हाय का म्हशीची शेपटी?" ती बाई ओरडली. "भरतुयास का कापतुयास?"

सगळा बाजार हसला. दाजी खाली बघून काचा वेचत होते. आणि माझ्या ऐकणाऱ्यांतला एक चावट माणूस, तोंडात पान, मोठ्यानं म्हणाला, "ओ पुढारी, सरकार उतरवा सावकाश! आधी दाजीची उतरवा की!"

तेव्हा हशा माझ्यावर फिरला. मी दगडावरून उतरलो. बाईच्या हाताला काय झालं ते बघायला गेलो नाही, काचा वेचायला वाकलो नाही. मला फक्त एवढंच वाटलं, की या माणसानं माझी सभा मोडली.

मंडळाचे अध्यक्ष वाशीकडचे वकील होते. त्यांनीच तोडगा काढला, की पिणाऱ्यांना सोनारीला न्यायचं आणि काळभैरवासमोर शपथ द्यायची. "लोकांना कायदा कळत नाही, देव कळतो," ते म्हणाले. मी त्याच वर्षी अंगारे-धुपारे आणि नवस-सायास यांच्यावर एक कडक पत्रक लिहिलं होतं. तरी मी मान डोलावली. देव आपल्या कामाला येत असेल तर येऊ दे, असं मला वाटलं. बैल गाडीला लागतो तसा देव.

आदल्या दिवशी गाड्या जुंपल्या, वाटेत मुक्काम केला आणि रविवारी सकाळी सोनारीला पोचलो. बरेच जण बायका-पोरांसकट आले होते, जत्रेला आल्यासारखे. आक्का होती, भाची होती. ती तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. देवळाभोवती माकडांचा सुळसुळाट. भाची खोबऱ्याचा तुकडा पदराखाली लपवावा तसा परकराच्या ओच्यात लपवून माकडांकडं डोळे वटारत उभी होती.

एकेक जण पुढं आला, अंगारा लावला, 'भैरोबाची आण, पिणार न्हाय' म्हणाला. दाजींची पाळी आली. ते पुटपुटले. ओठ हलले, शब्द आला नाही. मागून कुणीतरी खाकरलं. बाजारातला हशा माझ्या कानात पुन्हा सुरू झाला.

"असं न्हाय, दाजी," मी म्हणालो. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बोला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तिला कशाला मधी आणतूस?"

"पाळायची असेल तर भ्यायचं काय?"

"व्हय की, व्हय की," मागचे म्हणाले.

आक्काला बोलायला कुणी जागा ठेवली नव्हती. दाजींनी हात उचलला आणि पोरीच्या डोक्यावर ठेवला. हात कापत होता. भाची खिदळली. "आबा, गुदगुल्या व्हत्यात!" तिच्याबरोबर सगळे हसले, वकीलसाहेबसुद्धा. मी शब्द सांगत गेलो आणि दाजी माझ्यामागून म्हणत गेले: पुन्हा प्यालो तर हिचं बरंवाईट होईल. मी मोठ्यानं सांगितलं, कारण माझा आवाज मोठा होता आणि मंडळात मला त्यासाठीच ठेवलं होतं.

मग काय, एकानं केलं की बाकीच्यांना मागं राहणं अवघड. ज्यांची ज्यांची पोरं बरोबर होती त्यांनी त्यांनी पोरांच्या डोक्यांवर हात ठेवले. एका पोरानं रडून गोंधळ घातला, त्याला धरून आणलं. परतताना गाडीत मी गाणी म्हणत होतो.

नंतरचे दिवस घरात काय होतं ते मी बघितलं, पण मला त्याचा अर्थ वेगळाच लागला. दाजींना दरदरून घाम यायचा. ते उठून बसायचे, पुन्हा निजायचे, भिंतीकडं तोंड करून. अन्न पोटात ठरत नव्हतं. एकदम सोडली की अंग असं झाडतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. मला वाटलं, पाप बाहेर पडतंय. तसं मी एका भाषणात म्हणालोसुद्धा.

आणि हात? हात जास्तच कापायला लागला. पीत होते तेव्हा संध्याकाळी घोट पोटात जाईपर्यंत कापायचा. आता रात्रंदिवस. पाण्याचा तांब्या धरला तर तांब्या वाजायचा. शेजारचे पिंजारी चाचा, ज्यांची कापूस पिंजायची तात आमच्या भिंतीपलीकडं टणटण वाजत असायची, ते एकदा येऊन म्हणाले, "पुढारी, तेरे दाजी का हात मेरी तात से जादा हलतुया. उसकू कुछ तो दवा दे."

"दवा कसली चाचा? मन घट्ट पायजे," मी म्हणालो.

"मन?" चाचा म्हणाले. "मन तो ठीक है. हात का क्या?"

मी हसण्यावारी नेलं.

मग पाटलाच्या मुलीचं लग्न आलं. हिरवा चुडा भरायला पिढ्यान् पिढ्या आमच्याच घरचा कासार जायचा. सगळ्या गावासमोर नवरीच्या हातात बांगडी वाढली असती तर तो अपशकुन, आणि मग आमच्या घराला पुन्हा कुणी चुड्याला बोलावलं नसतं. दाजी गेले. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला, एक बांगडी वाढली नाही. हात कसा, तर पाण्यावरून फिरणाऱ्या हंसासारखा. नवरीनं वाकून नमस्कार केला. आणि मी, तोंड मोठं ना माझं, भर मांडवात म्हणालो, "बघा! दारू सुटली की हात कसा स्थिर होतो! माझ्या दाजींकडं बघा!"

लोकांनी वाहवा केली. दाजी मान खाली घालून माळा आवरत होते. मला वाटलं, लाजले.

त्यानंतर आठवड्याच्या आतच भाचीला ताप भरला. हिवतापच तो. आमच्याकडं दर पावसाळ्यानंतर असायचा. थंडी वाजून दात वाजायचे, मग अंग निखारा. आक्कानं वाकळीवर वाकळ घातली. भूमच्या दवाखान्यातून कडू गोळ्या आणल्या. ताप जाई आणि पुन्हा येई. दाजींनी जेवण सोडलं. कोपऱ्यात बसून राहत आणि पोरगी कण्हली की दचकून उठत, जसं काही कुणी त्यांनाच हाक मारली.

तिसऱ्यांदा थंडी भरली त्या दुपारी आक्कानं मला बाजूला ओढलं.

"आरं, ती शप्पथ सोडव."

"कसली?"

"कसली म्हंजे? देवळात घातलीस ती. तू घातलीस, तूच सुटली म्हण."

आमच्याकडं पोरं खेळताना असं करतात. एकानं शप्पथ घातली तर त्यानंच 'सुटली' म्हणायचं, दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. मोठी माणसंही ते मनातून मानतात, फक्त बोलत नाहीत.

"का सोडवायची?" मी विचारलं.

आक्कानं इकडंतिकडं बघितलं. "चुडा भरायच्या दिशी त्यांनी घोट घेतला व्हता. हात धरंना म्हणून. तेवढाच. मला वास आला. त्या दिसापासून पोरीकडं बघवंना झालंय त्यांला. म्हणत्यात, म्याच मारली तिला."

आता माझी मांडवातली वाहवा माझ्या अंगावर आली. हंस, स्थिर हात, सगळं. माणसाला त्या वेळी लाज वाटायला पाहिजे होती. मला राग आला.

"आक्का, असं 'सुटली' म्हणून ताप उतरतो व्हय? हिवताप डासानं येतो. शप्पथेनं येत न्हाय. असल्या खुळ्या समजुतींनीच आपला देश—"

"मग घालताना डास कुठं व्हता?"

मी म्हणालो, "मी आज एकाला सोडलं तर उद्या सगळे येतील. मला तोंड दाखवायला जागा उरंल का?"

"म्हंजे तुझं तोंड," आक्का म्हणाली. तिनं पोरीच्या अंगावरची वाकळ सारखी केली. "बरं. ऱ्हाऊ दे तुझं तोंड."

दाजी कोपऱ्यातच होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते उठले, बांगड्यांच्या माळा खाली काढल्या, मापामापानं वेगळ्या केल्या, लहान लहानांत, मोठी मोठ्यांत, आणि नीट बांधून खुंट्यांना अडकवल्या. त्या कामात तासभर गेला असेल. मला वाटलं, चला, माणूस कामाला लागला, सावरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंडळाची पोरं कुऱ्हाडी घेऊन ओढ्याकडं निघालो होतो. सरकारची शिंदीची झाडं तोडायची, असा कार्यक्रम होता. घोषणा चालल्या होत्या. समोरून बायका धावत आल्या. आम्हाला वाटलं पोलीस आले. त्यातली एक मला बघून थांबली आणि म्हणाली, "तू हिकडं कुठं निघालास? तुझा दाजी हिरीत हाय."

मी पोचलो तेव्हा त्यांना वर काढलं होतं. चाचांनी काढलं. चाचा सकाळी विहिरीवर आले होते, त्यांनी बघितलं, आणि मोटेचा नाडा धरून खाली उतरले. चाचांना पोहता येत नाही हे त्यांना स्वतःलाच पाण्यात गेल्यावर आठवलं, असं ते नंतर सांगत. दोघं काठावर पडले होते. चाचांची लुंगी विहिरीतच राहिली होती, कुणीतरी त्यांच्या अंगावर पटका टाकला होता. आक्का दाजींचं डोकं मांडीवर घेऊन त्यांना चापट्या मारत होती आणि शिव्या देत होती. तिच्या तोंडून शिव्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या.

दाजींनी डोळे उघडले आणि विचारलं, "पोरगी?"

माझ्या हातात कुऱ्हाड तशीच होती.

पोलीस पाटील आला. त्या राज्यात जीव द्यायला निघालेला माणूस वाचला तर गुन्हेगार ठरायचा. त्यानं काठावर उभं राहून सगळ्यांकडं बघितलं. "पाय घसरला, न्हवं का?"

"व्हय तर," एक जण म्हणाला. "पायऱ्यांवर शेवाळ लई झालंय."

"लईच झालंय. म्या मागंच म्हणलं व्हतं."

"कुणीतरी घासाय पायजे त्या पायऱ्या."

पाटलानं माझ्याकडं बघितलं. "काय पुढारी?"

"घसरला," मी म्हणालो.

ते खोटं बोलणं भाग होतं, त्याबद्दल मला काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की सगळ्यांचे चेहरे कसे मोकळे झाले. गुत्तेदार मोकळा, गाव मोकळं, मंडळ मोकळं, मी मोकळा. दोष शेवाळाला लागला. दुसऱ्या दिवशी गावानं खरोखर पायऱ्या घासल्या.

त्या संध्याकाळी भाचीचा ताप उतरला. गोळ्यांनी उतरला. पण गावात एकच बोलणं: बापानं जीव देऊ केला, देवानं पोरगी परत दिली. आयाबाया नारळ घेऊन आल्या. कुणी दाजींच्या पाया पडलं. आणि दाजी शांतपणे, जसं बाजारातला भाव सांगावा तसं, आक्काला म्हणाले, "दिली कुठं? म्या तर वर आलो. देवाचं ऱ्हायलंच की. आता पुन्यांदा तिच्यावर येणार."

म्हणजे ते पुन्हा जाणार होते. एवढं मलाही कळलं. आक्का त्यांच्यावर नजर ठेवून एका बाजूला बसली. चाचांनी आपली पिंजण उचलून आमच्या दारात आणून मांडली. "मियाँ, हात हलतायतच तुझे, तर मेरे काम में हलव," असं म्हणून त्यांनी कापूस दाजींच्या पुढ्यात टाकला. दाजी दिवसभर कापूस मोकळा करत बसले. चाचा त्यांना नजरेआड होऊ देत नव्हते आणि त्या लुंगीची गोष्ट सारखी सांगत होते, प्रत्येक वेळी ती लुंगी जास्त महाग होत होती.

मी वाशीला गेलो. वकीलसाहेबांना म्हणालो, रविवारी सगळ्यांनी सोनारीला चला, तिथंच, त्याच माणसांसमोर मी शपथ सोडवतो. त्याशिवाय दाजींना खरं वाटणार नाही.

"एका माणसाच्या मनाच्या कमकुवतपणापायी सबंध तालुक्याचं काम मोडायचं?" वकीलसाहेब म्हणाले.

"तो मरेल, साहेब."

"ते त्याच्या हातात आहे," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

वाईट माणूस नव्हता तो. पुढं तुरुंगातही गेला. माझंच पत्रक त्यानं मला वाचून दाखवलं, एवढंच. मी उठलो तेव्हा माझे कान असे तापले होते, की बाहेरच्या उन्हात गार वाटलं.

शनिवारी चाचांनी गाडी जुंपली. कशाला निघालोय ते तोवर आसपास पसरलं होतं. दाजी, आक्का, भाची, मी. गावाच्या वेशीला एक माणूस डोक्यावरून पटका घेऊन, पोराचं बोट धरून उभा होता. त्यानंही सोनारीला पोराच्या डोक्यावर हात ठेवला होता. माझ्या भाषणांत त्याचा दाखला असायचा.

"जागा हाय का गाडीत?" त्यानं विचारलं.

"कुठं जायचंय?"

तो बैलाकडं बघत म्हणाला, "माझी बी सोडवायची हाय."

पुढच्या वस्तीवर आणखी एक. ओढ्यापाशी आणखी एक, पोराला कडेवर घेऊन. गाडीत जागा उरली नाही तेव्हा मी उतरून चालायला लागलो. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. हे सगळे प्याले होते, आणि सगळे आपापल्या पोराच्या शिंकेला घाबरून दिवस काढत होते, एकेकटे. आणि मी बाजारोबाजारी सांगत होतो की आमचा तालुका सुटला.

"हे तो पूरी बारात हुई," चाचा म्हणाले. कुणीतरी हसलं. मग हसणारा थांबला.

सोनारीला देवळासमोर त्या सगळ्यांना उभं केलं. बघायला ओळखीचं कुणी नव्हतं, चार परगावचे भाविक आणि माकडं. भाचीच्या डोक्यावर मी हात ठेवला. मी म्हणालो, "सुटली."

"मोठ्यानं," दाजी म्हणाले. "घालताना मोठ्यानं घातली व्हतीस."

मी मोठ्यानं म्हणालो. माझी शपथ सुटली, हिला काही होणार नाही, हिच्या बापाच्या घोटानं हिचं काही जाणार नाही, ती मी घातली होती, चुकीची घातली होती. मग दुसऱ्या पोराच्या डोक्यावर, मग तिसऱ्या. परगावचे लोक हे काय चाललंय म्हणून बघत होते. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "नवीन पुजारी दिसतुया."

सगळं झाल्यावर पटकेवाल्यानं विचारलं, "मग आता प्यालं तर काय व्हईल?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्याजवळ पत्रक नव्हतं.

"पोरांना काही होणार नाही," मी म्हणालो. "तुमचं काय होईल ते होईल. पण प्यालात तर लपवू नका. माझ्याकडं या. नाही प्यालात आणि अंग झाडायला लागलं, तरी या. बसू बरोबर."

"तुझ्याकडं?" दाजी म्हणाले. बस, एवढंच. त्यात टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

दाजींची दारू त्या दिवशी सुटली असं मी लिहिलं तर ते आणखी एक पत्रक होईल. सुटली नाही. कमी झाली, वाढली, महिना महिना बंद राहिली, पुन्हा एखाद्या बाजारी लागली. पण लपवणं थांबलं. घोट घेतला की घरी येऊन सांगायचे, "आज घेतली." आक्का ताट वाढायची. जड दिवस असला की चाचांच्या पिंजणीपाशी जाऊन बसायचे. ते तिघं-चौघंही तिथं यायला लागले. तिथं कुणी भाषण करत नसे. बाजारात आता आक्का बांगड्या भरते, दाजी शेजारी बसून माळा ओवतात, मापं काढून देतात. हात शांत असला तर एखाद्या लहान पोरीला भरतात. विहिरीकडं ते पुन्हा गेले नाहीत, निदान आजवर तरी.

मंडळानं मला काढून टाकलं. मग निजामाचं राज्यच गेलं आणि काढणारे-काढलेले सगळे एकाच मिरवणुकीत नाचले. ओढ्यापलीकडचं दुकान तिथंच आहे. पाटी तेवढी बदलली. मी अजूनही दुकानाविरुद्ध बोलतो, आणि आता दोनदा जास्त रागानं बोलतो, पण पिणाऱ्याचं नाव घेऊन एकही वाक्य बोलत नाही. मला विचारतात, मग माणसाची स्वतःची काही जबाबदारी नाही का? आहे. दाजींनी ती उचलली होती. एकट्यानं, सगळी, आमच्या वाटणीचीसुद्धा, आणि तिच्यासकट ते विहिरीत उतरले. तेवढं ओझं एका माणसाच्या अंगावर घालणाऱ्यांत मी पुढं होतो.

भाची आता मोठी झाली, हाताशी आली. बडबडी आहे, मला 'मामा, भाषण करा की' म्हणून चिडवते. गेल्या दिवाळीला ती ओवाळायला बसली. ओवाळून झाल्यावर ती वाकली, आणि आशीर्वाद द्यायला म्हणून माझा हात सहज तिच्या डोक्याकडं गेला. तिनं मान अशी बाजूला घेतली, जशी अंगावर येणाऱ्या माकडापासून घ्यावी. तिला कळलंही नाही. ती हसतच होती, तबकातली वात सरळ करत.

माझा हात तसाच हवेत राहिला. दाजींनी तो बघितला आणि दुसरीकडं बघायला लागले.